भाऱ्यावरचा ठोकळा

नावाडी धावत आला तेव्हा मी मागावर बसलो होतो. चटई वीतभर राहिली होती आणि घरातलं लव्हाळं संपलं होतं. ते आणायला बायको तळ्यावर गेली होती. तोवर विणलेला भाग फणीनं ठोकून घट्ट करावा म्हणून मी बसलो होतो. नावाडी दारातच थांबला. त्याच्या हातात वल्हं होतं. वल्हं घेऊन कोणी कोणाच्या घरी येत नाही.

"वहिनी पडल्यात तळ्यावर," तो म्हणाला. "चला."

"पाय घसरला?"

"तुम्ही आधी चला."

मी फणी खाली ठेवली. चपला कुठे होत्या आठवेना, तसाच निघालो. वाटेत तो माझ्या पुढे चालत होता आणि मागे न बघता बोलत होता.

"तुमचा तो राक्षस कोणाला जवळ येऊ देत नाही. वल्ह्यानं सडकून काढला मी त्याला. डोकं फुटलं, पण हलला नाही. आधीच सांगत होतो आम्ही. सगळे सांगत होते."

ती जिवंत आहे का, हे मी विचारलं नाही.  तळ्यापर्यंतची वाट रोजचीच, पण त्या दिवशी उन्हानं तापलेले दगड पहिल्यांदा तळव्यांना कळले.

काठावर माणसं लांब उभी होती. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात दगड. जिथे ती रोज भारे रचायची त्या कोरड्या जागेवर ती उताणी होती. अंगातला माझा जुना सदरा ओला होता, केसांत गाळ होता. आणि आमचा कुत्रा, ठोकळा, तिच्या पोटावर छाती टेकून आडवा बसला होता. डोक्यावरून रक्त येऊन त्याच्या डोळ्यात उतरत होतं. त्यानं मला पाहिलं आणि शेपटी जमिनीवर एकदा आपटली.

मी तिच्या पायाशी बसलो. पाऊल हातात घेतलं. ते गार होतं. मग मला जे कळायचं ते कळलं.

तिला उचलावं म्हणून मी तिचा हात ओढला तर ठोकळा गुरगुरला. मोठ्यानं नाही. घशातल्या घशात, जणू समजावत होता. मी हात सोडला की तो गप्प व्हायचा, धरला की पुन्हा सुरू. शेवटी मी नुसताच बसून राहिलो. एका बाजूला मी, एका बाजूला तो, मध्ये ती. लोक ओरडत होते, "अहो, उठा, तुम्हालाही फाडेल!" जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी लांब दांड्याच्या सुईनं त्याला झोपवलं. झोपतानाही त्याचं तोंड तिच्यावरच पडलं. दोन माणसांनी त्याला ओढून बाजूला केलं, तेव्हा एकजण म्हणाला, "दगड भरलाय की काय ह्याच्यात!"

तिच्या दोन्ही दंडांवर दातांचे व्रण होते. ते सगळ्यांनी पाहिले.

*

ठोकळा आमच्याकडे आला त्याला फार काळ झाला नव्हता. तळ्याच्या पलीकडच्या बंधाऱ्यावर कोणीतरी त्याला तारेनं खांबाला बांधून सोडून गेलं होतं. पिटबुल जातीचा, मुळापासून कापलेले कान, गालावर जुन्या जखमा, छाती पिंपासारखी. गावात बातमी आधी पोचली, मग ती त्याला घेऊन पोचली. तार तिनं विळ्यानं तोडली होती आणि आपल्या डोक्याचं फडकं त्याच्या गळ्यात बांधून आणलं होतं.

"अगं, काय आणलंस हे?" मी मागावरूनच म्हणालो.

"कुत्रा आहे. तुम्हाला काय वाटलं, म्हैस?"

"ह्याची जात माहीत आहे का तुला?"

"जात काय विचारताय, लग्न जमवायचंय का त्याचं?" ती म्हणाली. "पाणी द्या त्याला."

मी पाणी दिलं. त्यानं सगळं घमेलं संपवलं, मग घमेल्याशेजारी डोकं ठेवून झोपला. त्याचं डोकं खरोखरच चौकोनी होतं, लाकडाचा ठोकळा तासून ठेवावा तसं. नाव तिथंच पडलं.

लोकांनी येणं कमी केलं. दुकानदार तर अंगणाबाहेरूनच हाक मारायचा. तो सांगायचा, "वहिनी, ह्या जातीच्या जबड्याला कुलूप असतं. एकदा मिटला की उघडत नाही. पेपरात आलंय."

"किल्ली माझ्याकडे आहे," ती म्हणायची.

आणि तसंच दिसायचं. आमच्या कोंबडीनं त्याच्या अन्नात चोच घातली तरी तो मान वळवून बसायचा. कोंबडीचं पोट भरलं की मग खायचा. मुलीचा फोन आला की ती फोन त्याच्या तोंडाशी धरायची. "ऐक, तुझा भाऊ कसा घोरतो!" मुलगी तिकडून ओरडायची, "आई, लांब ठेव त्याला, मला इथं भीती वाटते!"

आमचं काम असं. ती लव्हाळं कापायची, मी विणायचो. तिच्या आईकडे हेच काम होतं, ती त्यातच वाढली. माझे पाय चिखलातले नव्हते. लग्न झालं तेव्हा मी एकदा तिच्याबरोबर तळ्यात उतरलो होतो आणि गुडघाभर गाळात असा रुतलो की तिला आणि तिच्या भावाला मला ओढून काढावं लागलं. "तुम्ही घरीच शोभता," ती म्हणाली. तेव्हापासून मी घरी. सकाळी ती जायची, चढत्या उन्हात डोक्यावर भारा घेऊन यायची. ठोकळा आला तसा तो मागोमाग चालत यायचा, चिखलानं काळा झालेला. काठावरची माणसं सांगायची की तो भारे ओढून आणतो. ती पाण्यात कापून भारा बांधून सोडायची, तो पोहत जाऊन तोंडात धरून काठावर आणायचा आणि ती वर येईपर्यंत त्याच्यावर बसून राहायचा. कोणाच्या बापाची टाप नव्हती त्याला हात लावायची. पूर्वी काठावरचे भारे चोरीला जायचे. ते बंद झालं.

"शिकवलंस कसं?" मी एकदा विचारलं होतं.

"मी कुठं शिकवलं? त्याला कुणासाठी तरी काहीतरी धरून ठेवायचं होतं," ती म्हणाली. "मी भारा दिला."

त्या वर्षी पाऊस फसवा झाला. तळं आटत गेलं. काठाचं लव्हाळं पिवळं पडलं, हातात धरलं की मोडायचं. चांगलं, लवचीक लव्हाळं राहिलं ते मधोमध, जिथं गाळ खोल होता. बाकीच्या बायकांनी जाणं सोडलं. ती जात राहिली. निघताना माझा जुना सदरा घालायची, कारण लव्हाळ्याची पाती उघड्या हातावर वस्तऱ्यासारखी फिरतात. बाह्या पाण्यात लोंबू नयेत म्हणून कोपराच्या वर चिंध्या बांधायची. एक बाही स्वतः बांधायची. दुसरीसाठी माझ्यापुढे दंड धरायची आणि मी बांधली की म्हणायची, "सैल आहे." मग दातानं धरून स्वतःच पुन्हा बांधायची.

*

तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं तक्रार दिली.

मेहुणा तिच्याहून लहान. आईमागं तिनंच त्याला वाढवला. तो आता ट्रॅक्टर चालवतो, लव्हाळ्याला त्यानं कित्येक वर्षांत हात लावलेला नाही. मोठा गडी, पण त्या दिवशी ओट्यावर बसून तो असा रडला की शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली.

हवालदार आला. त्यानं समजावून सांगितलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं म्हणणं असं होतं, की तिचा जीव पाण्यानं गेला. चाव्यानं नाही. चक्कर आली असेल. व्रण फक्त दंडांवर होते.

"म्हणजे कुत्र्यानं मारलं नाही," मी म्हणालो.

"कुत्र्यानं ओढून पाण्यात नेलं असेल," मेहुणा म्हणाला. "दंडाला धरून बुडवलं. मग बाहेर आणून बसला, आपली शिकार घेऊन. ही जातच तशी. दाजी, तुम्हाला तो कुत्रा बहिणीहून जास्त झालाय का?"

"तुझी बहीण माझीही कोणी होती."

तो उठून बाहेर गेला. मुलगी आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. "बाबा, मामाचं मला पटत नाही," ती म्हणाली. "पण तो कुत्रा ह्या घरात परत आला तर मी त्याच्याकडे बघू शकेन का, ते सांगता येत नाही."

हवालदाराचं म्हणणं सरळ होतं. तक्रार राहिली तर कुत्र्याला सुई देऊन कायमचं झोपवावं लागेल. तक्रार देणाऱ्यानं मागं घेतली तर मालकाच्या ताब्यात.

मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. ठोकळा पिंजऱ्यात होता. डोक्याला टाके, तोंडाला मुसकं. पुढ्यातलं अन्न तसंच. मला पाहून उठला, मग माझ्या मागे दाराकडे बघत राहिला. माझ्या मागे कोणी नव्हतं. थोड्या वेळानं तो पुन्हा बसला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलायच्या. "मी टाके घातले तेव्हा त्याला भूल पुरती चढली नव्हती," त्या म्हणाल्या. "दुखत होतं त्याला. थरथरत होता, पण तोंड उघडलं नाही. बाई, ह्याला घाबरायचं कशाला, असं मीच स्वतःला म्हणाले."

"मग लोक असं का बोलतात?"

"काही खोटं नाही त्यांचं. ह्या जातीचे कुत्रे माणसं झुंजीला लावतात. का लावतात? कारण मालकानं धर म्हटलं की हे मरेपर्यंत धरून ठेवतात. मालकासाठी इतकं कोणी करत नाही. मालक वाईट भेटला की ह्या गुणाचंच वाईट होतं." मग त्या म्हणाल्या, "माझ्या म्हणण्यानं मात्र भागणार नाही. तुमच्या मेहुण्याला पटलं पाहिजे."

मी मेहुण्याकडे गेलो. तो ट्रॅक्टरखाली झोपून काहीतरी आवळत होता. मी त्याच्या पायांशीच बोललो.

"चटई अर्धवट राहिलीय. लव्हाळं कापायला मी उतरणार आहे. ठोकळ्याला बरोबर नेतो, मुसकं काढून. तू काठावर उभा राहा. त्यानं मला खेचून बुडवलं, तर तुझं खरं. नेहमीसारखे भारे काठावर आणले, तर माझं."

पाना थांबला. "आणि तुम्ही मेलात तर?"

"मग तर तुझं नक्कीच खरं."

तो बाहेर आला. तोंडाला तेल लागलं होतं. "मी पहार घेऊन येईन," तो म्हणाला.

"आण."

*

सकाळी तळ्यावर बरीच माणसं जमली होती. डॉक्टरीणबाईंनी ठोकळ्याला गाडीतून आणला. त्यांनी मुसकं काढलं तेव्हा दुकानदार झाडामागं गेला. हवालदार नावाड्याला म्हणाला, "तुझी नाव रिकामीच आहे ना? मी पाण्यातूनच बघतो, इथून नीट दिसत नाही." नावेत बसल्यावर त्यानं नाव आणखी थोडी आत घ्यायला लावली.

मी उतरलो. गाळ आधी गार लागला, मग त्यानं पोटऱ्या धरल्या. एक पाय काढावा तर दुसरा आणखी खाली. ती रोज ह्यातून जायची, परत येऊन स्वयंपाक करायची आणि वर मला विचारायची, "पाठ दुखतेय का तुमची बसून बसून?" लव्हाळ्यापर्यंत पोचेतो मला धाप लागली. विळा मारला की बुडखा सरकायचा, अर्धं तुटायचं, अर्धं तसंच. बोटं चिरली. कसाबसा भारा झाला, तो मी चिंधीनं बांधला आणि पाण्यावर सोडला.

"ठोकळ्या! ये!"

तो काठावरून उतरला, पोहत आला. भाऱ्याभोवती फिरला. इकडून हुंगला, तिकडून हुंगला, गाठीला नाक लावलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग वळला आणि रिकामाच परत गेला.

मी दुसरा भारा केला. तेच झालं.

नावेतून हवालदार म्हणाला, "चावतही नाही आणि कामही करत नाही. असाच एक आमच्या चौकीत आहे." दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही. पाणी कमरेला होतं आणि पायांची ताकद संपत आली होती. मी तिसऱ्या भाऱ्याला चिंधी गुंडाळायला घेतली. इथं चुकलो तर त्याला सुई देणार, एवढंच डोक्यात होतं, आणि नेमकं काय चुकतंय ते कळत नव्हतं.

"बघितलंत?" मेहुणा काठावरून ओरडला. "ताईला तो कामाचा वाटायचा. तिच्या डोक्यात भरलं होतं ते!"

माझा पहिला भारा तोवर सुटला होता. लव्हाळं पाण्यावर पसरून त्याच्यासमोरून वाहत चाललं. मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला. मग माझ्या हातातल्या भाऱ्याकडे.

"दाजी, हे काय करताय?"

"भारा बांधतोय."

"मधोमध? भारा कोणी मधोमध बांधतं का? पोटाला पट्टा बांधल्यासारखा! आमच्या आईनं हात मोडले असते." तो आणखी चिडला. "आणि शेपट्या कुठायत गाठीला? दोन्ही टोकं आत खोचलीत! ठेवा ते. हात नका लावू. सगळ्या लव्हाळ्याचा सत्यानाश केलात."

त्यानं पहार चिखलात रोवली आणि पॅंटसकट पाण्यात उतरला. त्याचे पाय चिखल विसरले नव्हते. गाळात पाऊल आडवं टाकत तो सरळ माझ्यापर्यंत आला, माझ्या हातातून भारा हिसकावला, बुडख्याकडून हातभर अंतरावर चिंधी दोनदा फिरवली, दातानं धरून आवळली आणि दोन्ही टोकं लांब मोकळी सोडली. त्यानं ते इतक्या पटकन केलं, की आपण काय करतोय हे त्याच्याही ध्यानात आलं नसावं.

"हा भारा," तो म्हणाला आणि पाण्यावर सोडला.

ठोकळा काठावरून आपला आपणच निघाला. मेहुण्याच्या कमरेला घासून गेला तेव्हा मेहुणा ताठ झाला, त्याचा हात पहारीसाठी मागं गेला. पहार काठावर होती. ठोकळ्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही. गाठीच्या दोन्ही शेपट्या त्यानं तोंडात घेतल्या. लव्हाळ्याच्या एका काडीला दात लागला नाही. उथळ पाण्यात आल्यावर त्यानं मागचे पाय गाळात रोवले आणि मागे मागे सरकत ओढायला लागला. मानेच्या शिरा दोरांसारख्या झाल्या. पाय घसरायचे, तो पोटावर पडायचा, पुन्हा उठायचा, पण पकड सुटायची नाही. चढावरून भारा वर नेला, भारे रचायच्या कोरड्या जागेवर ठेवला. मग त्याच्यावर छाती टेकून आडवा बसला आणि तळ्याकडे तोंड करून बघायला लागला.

 सगळ्यांनी त्याला असंच बसलेलं पाहिलं होतं. ह्याच जागेवर.

मेहुणा पाण्यात उभा होता. त्यानं आपला उजवा हात डाव्या दंडावर ठेवला होता, कोपराच्या वर.

"ताई बाही ह्याच गाठीनं बांधायची," तो म्हणाला.

"हो."

"शेपट्या सोडून. आईनं शिकवलेली एकच गाठ आम्हाला. बुटाची नाडीही मी अशीच बांधतो." त्यानं माझ्याकडे बघितलं. "दंडांवरच होते ना व्रण? गाठीखाली?"

"दंडांवरच. दुसरीकडे कुठं नाहीत. डावीकडची चिंधी तुटलेली होती."

"तुटली म्हणून त्यानं दुसरी धरली," मेहुणा म्हणाला. तो मधल्या खोल गाळाकडे बघत होता. तिथून काठापर्यंत. मीही बघितलं. कापलेल्या लव्हाळ्याचे बुडखे तिथं पाण्यावर दिसत होते, तिचा शेवटचा हात तिथंच चालला होता. तिथून त्यानं तिला आणली होती, शेपट्या पुरल्या नाहीत तिथं गाठच दातांत धरून. एवढा जड भारा त्यानं कधी ओढला नव्हता. आणि आणल्यावर नेहमीसारखं तिची वाट बघत बसला. वल्हं खाल्लं, दगड खाल्ले, कोणाला चावला नाही आणि उठलाही नाही.

मेहुणा वळून काठाकडे गेला. गाळातून बाहेर आल्यावर तो ठोकळ्यासमोर मांडी घालून बसला. इतका जवळ, की डॉक्टरीणबाई एक पाऊल पुढं आल्या.

"हवालदार," तो मागं न बघता म्हणाला, "माझी तक्रार नाही."

"विचार करून सांगा," हवालदार नावेतून म्हणाला.

"तुम्ही नावेतून खाली उतरा आधी," मेहुणा म्हणाला. मग त्यानं हात पुढं केला, ठोकळ्याच्या डोक्यावरच्या टाक्यांच्या शेजारी ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. ठोकळ्यानं डोळे मिटले नाहीत. तळ्याकडे बघतच होता. नावाडी वल्हं पाठीमागं लपवून उभा होता. संध्याकाळी तो माझ्या घरी एक मोठा मासा ठेवून गेला. "तुम्हाला नाही, त्याला," म्हणाला.

*

मुलगी परत जायच्या आधी तळ्यावर आली. लांब उभी राहिली, मग जवळ आली, मग खाली बसून त्याच्या कापलेल्या कानामागं खाजवलं. "आई फोनवर त्याचं घोरणं ऐकवायची," ती म्हणाली. "मी एकदाही नीट ऐकलं नाही." तिनं त्याच्यासाठी ताटली आणली होती, ती तिथंच ठेवून गेली.

ताटली अजून तिथंच आहे, कारण तोही तिथंच आहे, त्या भाऱ्यावर. तो पाणी प्यायला उठतो, पुन्हा येऊन बसतो. सकाळी मी अन्न नेतो, तो खातो. वाईट दिसत नाही, अंगही भरलंय. पण भाऱ्याला हात लावला की घशातल्या घशात गुरगुरतो. तिनं वर आल्यावर त्याला काय सांगितलं की तो उठायचा, हे कोणालाच माहीत नाही. तळ्यावरच्या बायकांना विचारलं. कोणी म्हणतं, ती पाठीवर थोपटायची. कोणी म्हणतं, काहीतरी पुटपुटायची. मेहुणा कामावरून येताना रोज थांबतो आणि बहिणीच्या आवाजात बोलून बघतो. ट्रॅक्टर चालवणारा तो एवढा गडी, पण बायकी आवाज काढायला लाजत नाही. "ये रे", "सोड रे", "चल घरी", "झालं आपलं". ठोकळा ऐकतो, शेपटी एकदा आपटतो आणि बसून राहतो.

मीही बोलून बघितलं. मला तिचं घरातलं बोलणं येतं, तळ्यावरचं येत नाही.

दुसरं लव्हाळं कापता येईल. मेहुणा कापून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. माग तसाच आहे. चटई वीतभर राहिली आहे.